उजवीकडची सनई

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मदिहाचा दुसरा नंबर आला आणि त्या दिवसापासून घरात दुसऱ्या कुणाचं काही चालेनासं झालं. जुन्या रेडिओतले दोन स्पीकर आणि वायरीचं भेंडोळं घेऊन तिनं टेलिफोन केला होता. शाळेच्या एका टोकाला बोललं की दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं. परीक्षकांनी तो कानाला लावून "हॅलो" म्हटल्यावर पलीकडून हीच उत्तरली होती, "बोला, भोर बोलतंय." परीक्षक हसले, प्रमाणपत्र मिळालं. सहावीपर्यंत हजेरी देतानासुद्धा खाली बघणारी ही पोरगी आता नववीत मिक्सर बंद पडला तरी "थांबा, मी बघते" म्हणत पुढं व्हायची. अम्मी म्हणायची, "हिला कुणी पाना-पकड देऊ नका, न्हाई तर घर सुट्टं करून ठेवंल."

त्यामुळं अब्बांसाठी हेडफोन निवडायचं काम दुसऱ्या कुणाकडं जाणं शक्यच नव्हतं.

अब्बा म्हणजे हनीफ मास्तर. भोरमध्ये हनीफ नावाची सात-आठ माणसं असतील, पण मास्तर एकच, आणि तेही शाळेतले नव्हेत, बॅण्डातले. रोशन बॅण्डाच्या पुढं लाल कोट घालून क्लॅरोनेट वाजवत ते गेली बावीस वर्षं चालत होते. मास्तरचं काम नुसतं वाजवायचं नसतं. नवं गाणं आलं की ते आधी मास्तरनं कानानं उचलायचं, मग तुकडा तुकडा करून बाकीच्यांना शिकवायचं. लिहिलेली धून कुणालाच वाचता येत नाही, म्हणजे मास्तरच्या कानात शिरलं तेवढंच बॅण्डात येणार. हनीफ मास्तर दोनदा ऐकतात आणि तिसऱ्यांदा वाजवतात, असं वरंधा घाटापासून हायवेपर्यंत बोललं जायचं.

म्हणजे, पूर्वी बोललं जायचं. गेली दोन वर्षं गाणी अर्धवट यायला लागली होती. बाईनं किंवा बाप्यानं गायलेला भाग अगदी बरोबर यायचा, पण मधलं म्युझिक, ज्याच्यावर खरं तर पोरं नाचतात, तिथं नुसते खड्डे. मागच्या हंगामात किकवीच्या लग्नात तर फजितीच झाली. नवरदेवाच्या मित्रांनी नव्या पिक्चरच्या गाण्याची फर्माईश केली. पोरं रंगात आली, मधल्या म्युझिकला सगळ्यांनी एकदम एक पाय वर उचलला, आणि बॅण्ड गप्प. मागं एकटा ढोल बडबडतोय आणि वीस पोरं बगळ्यासारखी एका पायावर उभी. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, अर्धं गाणं घरी इसरला का?" मदिहा त्या लग्नात नव्हती, पण सोमवारी शाळेत किकवीच्या पोरींकडून तिला ही गोष्ट तीनदा ऐकायला मिळाली, आणि तिघींनीही एक पाय वर करून दाखवला.

अब्बांनी सगळा दोष हेडफोनला दिला. दोन वर्षांपूर्वी घरचा दोन स्पीकरवाला डेक कायमचा बंद पडला आणि त्याच्या जागी वॉकमन आला होता. अब्बांना तो बरा पडायचा. एसटीत बसून ऐका, नीरेच्या काठावर बसून ऐका. फक्त त्याच्याबरोबर आलेला हेडफोन, तारेच्या पट्टीला दोन फोमच्या टिकल्या, तो बेकार निघाला. "ह्याचा एक कान मुका हाय," अब्बा म्हणाले. दुसरा आणला, तोही मुका. तिसरा आणला आणि तो चष्म्याच्या काडीवर दाबून दाबून कानामागं वळ उठले.

आणि आता हिर्डोशीच्या लग्नाची सुपारी आली होती. नवरीकडची माणसं पुण्याची. त्यांनी कॅसेटच पाठवून दिली, वर चिठ्ठी चिकटवून: नवरदेव मारुतीला निघताना हेच गाणं, पूर्ण. 'पूर्ण' शब्दाखाली दोन रेघा. किकवीची गोष्ट पुण्यापर्यंत पोचली होती म्हणायची.

त्या संध्याकाळी अब्बा अम्मीला म्हणत होते ते मदिहानं चुलीपाशी बसून ऐकलं. "ह्या बारीला जमलं तर ठीक. न्हाई तर क्लॅरोनेट ठेवून देतो. मास्तरकी गेनूला देऊन टाकतो, तो तरणा हाय."

गेनू म्हणजे बॅण्डातला ट्रम्पेटवाला. वाजवायचा चांगला, पण तोंड ट्रम्पेटपेक्षा जास्त वाजायचं.

मदिहानं तिथल्या तिथं ठरवलं. वहीचं मधलं पान फाडून तिनं लिहायला घेतलं. हेडफोन कानावर टेकणारा नको, कानाला वेढणारा हवा. चष्म्यावर दाबणारा नको. एसटीचं इंजिन आत शिरता कामा नये. आणि आवाज असा पाहिजे की उजवीकडचं वाद्य उजवीकडं आणि डावीकडचं डावीकडं, वेगवेगळं, स्वच्छ. या शेवटच्या ओळीखाली तिनं, पुण्याच्या लोकांसारख्याच, दोन रेघा मारल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर बापलेक कापूरहोळला निघाले. एसटीत अब्बांनी नेहमीसारखी उजवीकडची खिडकी धरली. कधीच कुणाला द्यायचे नाहीत ते ती. लहानपणी मदिहा त्यासाठी रडलीसुद्धा होती. ती डावीकडं टेकली आणि वाटभर हेडफोनच्या गाद्यांवर बोलत राहिली. अब्बा मान हलवत होते. मधेच म्हणाले, "तू एवढं कवा शिकलीस गं?"

"प्रदर्शनाच्या वेळी. स्पीकर म्हणजे उलटा माइकच असतो, अब्बा."

"असंल. तू म्हणतीस म्हंजे असंल."

झुल्फिकारचाचांचं दुकान फाट्यावर होतं, पंक्चरवाल्याच्या शेजारी. ट्रकवाल्यांचे टेप दुरुस्त करणं हा त्यांचा मुख्य धंदा, पण काचेच्या कपाटात मुंबईहून आणलेला नवा मालही असायचा. चाचांनी अब्बांना स्टूल दिलं, मदिहाच्या हातातला कागद बघितला आणि म्हणाले, "मास्तर, ही गिऱ्हाईक हाय का इन्स्पेक्टर?"

"हिनंच आणलंय मला," अब्बा म्हणाले.

पहिला हेडफोन चंदेरी होता, दिसायला असा की मदिहाला तो लगेच डोक्यावर घालून वर्गात जावंसं वाटलं. पण गाद्या कानावरच टेकत होत्या, अब्बांचा चष्मा तिरका झाला आणि त्यांनी मिनिटभरात तो काढला. दुसरा मोठा होता, पण आत सगळं ढबढब. "ह्याच्यात आमचा चिमाजीच बसलाय जणू," अब्बा म्हणाले. चिमाजीआबा बॅण्डाचा मोठा ढोल वाजवायचे. तिसरा मात्र कपाटाच्या वरच्या कप्प्यातून आला, खोक्यासकट. काळा, साधा. गाद्या गुबगुबीत, अख्खा कान आत जाईल अशा. मदिहानं आधी स्वतः घातला आणि हिर्डोशीची कॅसेट लावली.

बाहेरचा हायवे गेला. ट्रक दिसत होते, पण मुके. मग बाई गायला लागली, अगदी डोक्याच्या मधोमध. आणि मग ते मधलं म्युझिक आलं. डावीकडून व्हायोलिननं काहीतरी विचारलं, उजवीकडून सनईनं उत्तर दिलं. पुन्हा व्हायोलिननं विचारलं, थोडं लाडात. सनईनं पुन्हा उत्तर दिलं, थोडं तोऱ्यात. दोघं मदिहाच्या दोन कानांत बसून भांडत होते आणि मधे ती. तिच्या हातावर काटा आला.

"हाच," ती म्हणाली. जरा मोठ्यानंच, कारण तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. पंक्चरवाल्यानं वळून बघितलं.

अब्बांनी घातला. चष्मा सरळ राहिला. गाद्यांवर हात फिरवून ते खूश झाले. "रजईच हाय." गाणं सुरू झालं, त्यांची बोटं गुडघ्यावर क्लॅरोनेटची भोकं दाबायला लागली. मधलं म्युझिक आलं, बोटं चालली, थांबली. चालली, थांबली. अब्बांच्या कपाळावर आठी आली.

"ह्याचा बी उजवा मुका हाय, झुल्फी."

"नवा पीस हाय मास्तर, आत्ता तुमच्यापुढं खोकं फोडलं."

चाचांनी पिन काढून पुसून पुन्हा घातली. तसंच. वॉकमनऐवजी आपल्या टेपला जोडून बघितला. तसंच. मदिहानं पुन्हा घालून बघितलं, सनई ठणठणीत. चाचांनी घातला, सनई ठणठणीत. अब्बांच्या डोक्यावर ठेवला की सनई गायब.

मदिहाला वाटलं, नेमकं काय अडतंय ते आत्ता पकडते. तिनं अब्बांच्या डोक्यावरून हेडफोन उचलला, उलटा केला, डावीकडची गादी उजवीकडं, आणि परत बसवला. अब्बांचा चेहरा उजळला.

"आली. सनई आली बघ." बोटं चालली. मग थांबली. "पर आता व्हायोलिन कुठं गेलं? आता ते मुकं झालं." त्यांनी बोट दाखवलं.

उजव्याच कानाकडं.

मदिहा हेडफोनकडं बघत राहिली. तो उलटा होता. मुकी बाजू त्याच्याबरोबर उलटी व्हायला हवी होती. ती झाली नव्हती. ती अब्बांच्या उजव्या कानाशीच राहिली होती.

झुल्फिकारचाचांनाही कळलं असावं. ते म्हणाले, "मास्तर, सेट खराब न्हाई, मला वाटतं..."

"चाचा," मदिहा घाईनं म्हणाली, "आम्ही जरा चहा पिऊन येतो."

समोरच्या ढाब्यावर बाकडं होतं. अब्बा बसले, मदिहा बसली, चहा आला. बोलायचं कसं हे तिला सुचेना. आत्तापर्यंत सुचायचं थांबत नव्हतं आणि आता एक वाक्य जुळेना. शेवटी बशीत बघत ती हळू म्हणाली, "अब्बा, तुम्हाला या बाजूनं ऐकू येत नाही का?"

अब्बांनी बशीतला चहा फुंकला, प्याले. काही बोलले नाहीत. मग तिच्या लक्षात आलं, आपण उजवीकडं बसलोय.

ती उठली, बाकड्याला वळसा घातला आणि त्यांच्या डावीकडं येऊन बसली.

अब्बांनी तिला उठताना बघितलं, वळसा घालताना बघितलं, बसताना बघितलं. बशी खाली ठेवली.

"कळलं तुला," ते म्हणाले.

"हं."

"एसटीत खिडकी का धरतो ते बी कळलं असंल."

तिनं मान हलवली. त्या खिडकीसाठी आपण किती आकांत केला होता ते तिला आठवलं.

"मला वाटायचं मळ हाय," अब्बा म्हणाले. "तेल घालून घालून उशा खराब केल्या, तुझी अम्मी वरडली. मग दवाखान्यात दाखवलं. डाक्टर म्हणाले, शीर झिजली, हा कान आता येत न्हाई, दुसरा जपा. चिमाजीचा ढोल उजव्या अंगाला असतो ना माझ्या. बावीस वर्सं. त्या बिचाऱ्याला सांगू नको बरं का, मनाला लावून घेईल." बशी पुढं सरकवून ते म्हणाले, "कान गेलाय हे म्हाईत हुतं. पर त्याच्याबरबर गाणं बी अर्धं जातंय, हे न्हवतं म्हाईत. डेकवर सगळं यायचं गं मला, म्हणून वाटायचं हेडफोनच मुके."

"डेकचे दोन्ही स्पीकर समोर असायचे. दोन्हींचा आवाज एकाच कानात जायचा," मदिहा म्हणाली. बोलता बोलता तिला स्वतःच्या कागदावरच्या त्या दोन रेघा आठवल्या. उजवीकडचं उजवीकडं, डावीकडचं डावीकडं, स्वच्छ. दुकानातला सगळ्यात चांगला हेडफोन तिनं निवडला होता, आणि तो जितका चांगला तितका अब्बांसाठी वाईट. फोमच्या टिकल्यांतून निदान इकडचं थोडं तिकडं गळत तरी होतं. या गुबगुबीत गाद्यांतून एक थेंब गळला नसता.

"चल," अब्बा म्हणाले. "उगंच झुल्फीला ताटकळत ठेवलंय. गेनूला सांगून टाकू. हिर्डोशीचं गाणं त्यानंच उचलावं."

"थांबा."

"मदू..."

"थांबा म्हणतेय ना. सनई एका वायरीतून येते, व्हायोलिन दुसऱ्या. वायर काय, कुठंही जोडता येते. दोन्ही वायरी एका कानात घातल्या तर?"

अब्बांनी तिच्याकडं बघितलं. "तशानं गाणं तुंबणार न्हाई?"

"माझा टेलिफोन तुंबला होता का?"

खरं तर पहिल्या दिवशी तुंबला होता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

झुल्फिकारचाचांनी सगळं ऐकून घेतलं, उगाच हळहळ केली नाही. त्यांनी आधी खालच्या कप्प्यातून एक वेगळीच वस्तू काढली, एका कानाचा हेडफोन, टेलिफोन ऑफिसात वापरतात तसला. "मास्तर, हे घ्या. हलकं, स्वस्त. एकच कान. तुमचं काम झालं."

अब्बांनी तो हातात घेतला, फिरवला, परत ठेवला. "हे घालून एसटीत बसलो तर पुलापर्यंत जायच्या आत गावभर व्हतंय."

चाचा काहीतरी बोलणार होते, पण मदिहा मधे पडली. तिला कळलं होतं. हेडफोन दोन कानांचाच पाहिजे. एक कान ऐकायला, आणि दुसरा लोकांना दाखवायला.

"तो काळाच द्या, चाचा. आणि आतून जोडून द्या."

"पोरी, येवढा भारी सेट, आन त्याचा स्टिरिओ मारून टाकायचा? मग तो चंदेरी घे की, आवाज सारखाच येईल."

"चंदेरी कानाला दाबतो. आणि त्यात एसटी ऐकू येते. एसटी ऐकू आली की अब्बा आवाज मोठा करणार, आणि हा कान जपायचाय." तिनं अब्बांच्या डाव्या कानाकडं बोट केलं. "याच्या गाद्या पाहिजेत, चाचा. कमी आवाजात ऐकता येईल असा पाहिजे."

चाचांनी अब्बांकडं बघितलं. "मास्तर, इन्स्पेक्टरच हाय ही."

त्यांनी पिन उघडली. सोल्डरगन तापवली, दोन बारीक रेझिस्टर शोधले, "असंच जोडलं तर वॉकमन बोंबलंल," असं पुटपुटत ते मधे बसवले. राळेचा धूर निघाला. मदिहा इतकी वाकून बघत होती की चाचांनी तिची वेणी हातानं बाजूला केली. पंधरा मिनिटांनी हेडफोन अब्बांच्या डोक्यावर होता.

गाणं सुरू झालं. बोटं गुडघ्यावर चालायला लागली. मधलं म्युझिक आलं. बोटं चालली, चालली, चालतच राहिली. अब्बांनी डोळे मिटले. मग उघडले आणि म्हणाले, जरा मोठ्यानंच, कारण त्यांनाही स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, "अगं ही तर भांडतायत दोगं."

पंक्चरवाल्यानं पुन्हा वळून बघितलं.

पुढचे पंधरा दिवस अब्बांच्या डोक्यावरून ती वस्तू उतरली नाही. टोपीवरून घालायचे. नदीवर बसायचे, संध्याकाळी बॅण्डाच्या खोलीत जाऊन शिकवायचे. व्हायोलिनचा प्रश्न त्यांनी स्वतः क्लॅरोनेटवर घेतला आणि सनईचं उत्तर गेनूच्या ट्रम्पेटला दिलं. गेनूनं हेडफोन बघून टोमणा मारलाच, "मास्तर आता विमान चालवणार." अब्बा हसले. मदिहानं कानाचं कुणालाच सांगितलं नाही, अम्मीलासुद्धा नाही, आणि तिच्यासारखीला ते किती जड गेलं असेल याचा अंदाज तिच्या मैत्रिणीच करू शकतील.

लग्न रविवारी होतं, म्हणून तीही टेम्पोतून हिर्डोशीला गेली, हेडफोनची पिशवी मांडीवर घेऊन. भातं काढून झाली होती, खाचरांत नुसती खुंटं उभी होती. मांडवाबाहेर बॅण्ड उभा राहिला. पुढं अब्बा, उजवीकडं चिमाजीआबा ढोल गळ्यात अडकवून, त्यांच्यामागं गेनू, मग बाकीचे. नवरदेव घोड्यावर चढायच्या बेतात होता. पुण्याची मंडळी एका बाजूला हाताची घडी घालून उभी होती, परीक्षकांसारखी.

अब्बांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि परत खाली घेतलं.

"गेनू, हिकडं ये. माझ्या डाव्या अंगाला."

"का वो? माझी जागा हितंच हाय की."

"उजव्या कानानं मला ऐकू येत न्हाई," अब्बा म्हणाले. दोरी जरा सैल कर म्हणावं तसं म्हणाले. "तुझं उत्तर मला ऐकू आलं पायजे. त्याच्यावर माझा पुढचा तुकडा हाय."

मदिहाच्या हातातली पिशवी घट्ट आवळली गेली. पंधरा दिवस तिनं जपलेलं गुपित त्यांनी मांडवाच्या दारात सांगून टाकलं होतं. बॅण्ड गप्प झाला, अगदी किकवीसारखा.

गेनू जागचा हलला नाही. "कवापासून?"

"झाली असतील पाच-सहा वर्सं."

गेनूच्या तोंडावर काहीतरी हिशोब चालला होता. "उजव्या कानानं?"

"व्हय."

"म्हंजे ज्या बाजूला मी असतो."

"त्याच."

"आन मी जे बोलायचो ते?"

"काय बोलायचास?"

चिमाजीआबा ढोलाआडून म्हणाले, "सांगू का मास्तर? मला पाठ हाय सगळं."

"आबा, तुमी गप ऱ्हावा," गेनू म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुमाला ऐकूच येत न्हवतं व्हय. आन मी बायकोला सांगत आलोय, मास्तर लई मोठ्या मनाचा माणूस, तोंडावर एवढं बोलतो तरी उलटून एक शब्द न्हाई."

आधी मागचा झांजवाला हसला. मग सगळेच हसले, अब्बा सगळ्यात जास्त, एवढे की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. पुण्याच्या मंडळींना वाटलं बॅण्ड सुरू व्हायच्या आधीचा हा काहीतरी रिवाज असावा. गेनू पुढं आला, अब्बांच्या डावीकडं उभा राहिला आणि हळूच, पण आता ऐकू जाईल असं, म्हणाला, "आदी सांगायचं की वो. मी मधले तुकडे हुडकून दिले असते."

"तवा मलाच म्हाईत न्हवतं काय हरवलंय ते," अब्बा म्हणाले.

चिमाजीआबा मात्र हसायचे थांबले होते. ते एकदा ढोलाकडं बघत होते, एकदा अब्बांच्या उजव्या कानाकडं. "मास्तर, मी पलीकडं जाऊ का? न्हाई तर पार मागं जातो."

"ऱ्हावा हितंच. त्या कानाचं जे व्हायचं ते झालंय. तुमी नसला तर पाय कसा उचलायचा आमी?"

"बरं," चिमाजीआबा म्हणाले. आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तीन पावलं मागं सरकले. मदिहाचं लक्ष होतं.

नवरदेव घोड्यावर बसला. अब्बांनी क्लॅरोनेट उचललं आणि गाणं निघालं, बाईचा भाग पहिल्यांदा, लांब, गोड. पोरं नाचायला लागली. मदिहाला पुढचं माहीत होतं, तिनं श्वास धरून ठेवला. मधलं म्युझिक आलं. अब्बांनी विचारलं. पोरांनी एकदम एक पाय वर उचलला.

डावीकडून गेनूनं उत्तर दिलं, तोऱ्यात.

वीस पाय एकदम खाली आले आणि वाळलेल्या मातीचा फुफाटा उडाला. अब्बांनी पुन्हा विचारलं, लाडात, मान थोडी डावीकडं कलवून. गेनूनं पुन्हा उत्तर दिलं. पुण्याच्या एका काकूंनी घातलेली हाताची घडी सोडली आणि टाळी धरली. वरात मारुतीकडं वळली, आणि मदिहा पिशवी छातीशी धरून बाजूनं चालत राहिली, अब्बांच्या डाव्या अंगाला, म्हणजे मधेच त्यांना काही सांगावंसं वाटलं तर ऐकू जाईल.